उणे पंच्याहत्तर मिलिव्होल्ट

आमच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे. बदलापुरात सातवा मजला, वर सोसायटीच्या दोन टाक्या आणि त्यांच्यावर सूर्य. मे महिन्यात नळाखाली पातेलं धरायचं, चहापत्ती टाकायची, झाला चहा. गॅस फक्त पाहुणे आले तरच लावायचा. आमच्याकडच्या पाली दुपारी भिंतीवरून चालत नाहीत, पाय भाजतात म्हणून पंख्याच्या पात्यावर बसून फिरतात. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने मे महिन्यात यावं, राहायची सोय करतो.

अशा भट्टीत माझ्या मुलीने दुसरी भट्टी आणून ठेवली.

मुलगी इमारतींचे सिनेमे बनवते. बदलापुरात आता इमारत उभी राहायच्या आधी तिचा सिनेमा येतो. गेट आपोआप उघडतं, कारंजं उडतं, लॉबीत कधीही घाम न येणारी माणसं हिंडतात, आणि जिथे प्रत्यक्षात अजून म्हशी बसलेल्या असतात तिथे पोहण्याचा तलाव दिसतो. एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, काँप्युटर स्वतः बसून रंगवतो. एका सेकंदाला पंचवीस फ्रेम. त्यासाठी तिने उल्हासनगरहून सगळ्यात वरच्या दर्जाचा प्रोसेसर घालून मशीन बांधून आणलं. मी सोबत गेलो होतो. दुकानदार सिंधी, गोड माणूस. म्हणाला, "साईं, ये प्रोसेसर नहीं, शेर है. इसको ठंडा रखना पडेगा."

"कहां रहते हो?" त्याने विचारलं.

"बदलापूर. टॉप फ्लोअर."

त्याने वाघाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा त्या खोक्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडे न बघता आपल्या देवाला हाक मारली, "झूलेलाल."

वाघ घरी आला आणि पहिल्याच दिवशी जीभ बाहेर काढून बसला. काम सुरू केलं की पाच मिनिटांत शंभर अंश. शंभरला पोचला की जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करायचा. दोन मिनिटांच्या फ्रेमला तीन मिनिटं लागायची. त्यात तो वीज इतकी खायचा की टेबलाखालचा यूपीएस आधी कुंईकुंई करायचा आणि मग नवसाचा कोंबडा हातात धरल्यासारखा ओरडायचा.

एका सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मी व्होल्टेज कमी करतेय."

"कशाचं?"

"प्रोसेसरचं. कंपनी सगळ्यांना सरसकट जास्तच देते. लॉटमधली सगळ्यात कच्ची चिपसुद्धा चालली पाहिजे म्हणून. माझी कदाचित कमीत चालेल. मग तापणार नाही."

मी हातातला पेपर खाली ठेवला. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहिलं. मी येतोय म्हटलं की मोटरी आपणहून नीट चालायच्या. एक मोटर तर मी रिटायर झालो त्या दिवशी रडल्याचं तीन माणसांनी पाहिलंय, त्यातला एक मी.

"लो व्होल्टेज?" मी म्हणालो. "अगं, लो व्होल्टेजने मोटर जळते! गेल्या उन्हाळ्यात सोसायटीचा पंप कशाने गेला? समोरच्यांचा फ्रिज कशाने गेला? बदलापुरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे कळतं."

"ही मोटर नाहीये, बाबा."

"सगळी यंत्रं एकाच आईची लेकरं असतात."

"मग मिक्सर का दुरुस्त होत नाही तुमच्याने?" स्वयंपाकघरातून बायको. "त्याची आई वेगळी का?"

मुलीने मला शांतपणे समजावलं. पंपाला पाणी चढवायचंच असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो आणि जळतो. चिपचं तसं नाही. तिला कमी व्होल्टेज दिलं तर ती कमीच वीज घेते आणि कमीच तापते. फक्त एका मर्यादेखाली गेलं की तिची आकडेमोड चुकते आणि मशीन बंद पडतं. ती मर्यादा प्रत्येक चिपची वेगळी, ती शोधून काढायची.

मी मान डोलावली. पटलं नव्हतं. पण एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस सव्वीस वर्षांच्या मुलीपुढे किती वेळ हरत राहणार?

पाच दिवस ती शोधत होती. मूळ व्होल्टेजमधून पाच मिलिव्होल्ट कमी करायचे, तासभर मशीन पळवायचं, परत पाच. उणे नव्वदला निळी स्क्रीन आली आणि मशीन आडवं. उणे पंच्याऐंशीला तासभर चाललं आणि मग आडवं. उणे ऐंशीला दिवसभर चाललं. तिने तरीही पाच परत दिले आणि उणे पंच्याहत्तरवर थांबली. "उद्या अजून उकाडा वाढला तर थोडी जागा पाहिजे," म्हणाली. असं सेटिंग करणारा फोरमन आमच्या कारखान्यात मिळाला असता तर मी त्याचे पाय धुतले असते. हे मी तिला बोललो नाही. का बोललो नाही, कोण जाणे.

शंभरचे शहाऐंशी झाले. फ्रेम दोन मिनिटांवर आली. यूपीएस गप्प.

आणि मग ते काम आलं. अंबरनाथच्या एका बिल्डरचा प्रकल्प. रविवारी सकाळी अकराला भूमिपूजन, मंडपात मोठा पडदा, पाहुण्यांसमोर बहात्तर सेकंदांचा सिनेमा. शेवटची पाच सेकंदं गच्चीवरून दिसणारा डोंगर आणि त्यावर उगवणारं इमारतीचं नाव. बिल्डरचा सगळा जीव त्यात. हे जमलं तर पुढच्या तीन इमारती तिच्याच. आत्तापर्यंत ती ठाण्याच्या एका स्टुडिओसाठी घरून काम करायची, त्यावर नाव त्यांचं जायचं. हे पहिलं तिच्या नावाचं. बायकोने तर शेजारी चार घरांत सांगूनही टाकलं होतं.

अठराशे फ्रेम, दोन मिनिटांची एक, म्हणजे साठ तास. गुरुवारी संध्याकाळी सातला तिने सुरू केलं. रविवारी सकाळी सातला संपणार, मग दोन तास आवाज जोडायला. गणित चोख होतं. गणितात मी नव्हतो.

शनिवारी दुपारी तिला बिल्डरच्या ऑफिसात जावं लागलं. जाताना म्हणाली, "बाबा, इथे हा आकडा दिसतोय ना? नव्वदच्या वर गेला तर फोन करा. एवढंच."

मी पहारा मांडून बसलो. शहाऐंशी. पंच्याऐंशी. शहाऐंशी. इतकं नीरस काम देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यालासुद्धा नसतं. सव्वादोन वाजता सगळ्या इमारतीचे एसी एकदम लागले असावेत, कारण ट्यूबलाइट फडफडली, पंखा मंदावला, दिवे पिवळे पडले. व्होल्टेज पडलं.

आणि माझ्यातला मेंटेनन्सवाला खडबडून उठला. बाहेरून व्होल्टेज आधीच कमी. त्यात पोरीने आतून पंच्याहत्तर काढलेलं. दोन्हीकडून उपाशी! कारखान्यात लाइन पडली की आम्ही काय करायचो? भरपाई. स्टॅबिलायझरचं कामच ते, जेवढं पडलं तेवढं वर उचलायचं. स्क्रीनवर तिची ती व्होल्टेजची पट्टी उघडीच होती. मी माउस धरला आणि उणे पंच्याहत्तर सरकवत सरकवत शून्यावर आणलं. लेकराच्या तोंडात घास घातल्यासारखं समाधान वाटलं.

बाहेरच्या पडझडीचा त्या चिपला पत्ताही नसतो, मधला पॉवर सप्लाय ते सगळं सांभाळून घेतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की आकडा धावत सुटला. ब्याण्णव. सत्त्याण्णव. शंभर. पंखे असे घोंघावले की टेबल उडून पलीकडच्या कुळगावात उतरेल असं वाटलं. फोन करायचा होता. पण फोन करून सांगणार काय? पट्टी परत खाली ओढायला गेलो तोवर यूपीएस किंचाळला. बाहेर लाइन पडलेली, आत वाघाची भूक वाढलेली. त्याने दोन किंकाळ्या फोडल्या आणि मान टाकली. स्क्रीन काळी.

दहा मिनिटं मी सगळी बटणं दाबली. शेवटी मशीन उठलं. तिचा प्रोग्राम सापडला, त्यात हिरवं बटण सापडलं. दाबलं. चित्र रंगू लागलं! मी देवाला हात जोडले आणि आडवा झालो.

सात वाजता ती आली. स्क्रीनकडे बघून दारातच थांबली.

"बाबा, हे गेट का दिसतंय? गेट तर गुरुवारीच झालं होतं."

मशीन पहिल्यापासून सुरू झालं होतं. झालेल्याच फ्रेम परत रंगवत होतं, तेही शंभर अंशांवर, धापा टाकत. दुपारपासूनचे जवळजवळ पाच तास पाण्यात.

मी तोंड उघडलं आणि तोंडाने सवयीप्रमाणे काम सुरू केलं. "अगं, काय सांगू! अख्ख्या बदलापूरची लाइट गेली! कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन मजली ज्वाळा, कावळे भाजून खाली पडले, दोन तास बंब..."

"लाइट?" बायको म्हणाली. "मी तर दुपारभर मालिका बघत होते."

मुलीने स्क्रीनवर एक खिडकी उघडली. मशीन सगळं लिहून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. चौदा वाजून सतरा मिनिटं, व्होल्टेज उणे पंच्याहत्तरवरून शून्य. चौदा चोवीस, बंद. वही बंद करावी तशी तिने ती खिडकी बंद केली.

"मला वाटलं व्होल्टेज पडलंय तर..." मी म्हणालो.

"हो. कळलं."

ओरडली असती तर मी दोन वाक्यं परत ओरडलो असतो, भांडण झालं असतं, भांडणात माणसाला जागा मिळते. ती फक्त खुर्चीत बसली, उणे पंच्याहत्तर परत लावलं आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढचं सुरू केलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा."

तरी मी चादर भिजवून खिडकीला टांगली. बायकोने ती ओढून काढली. मशीनजवळ ओल कशाला, म्हणाली. मग बर्फ आणायला खाली गेलो. वर येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते ओतायलाही माझ्याकडे जागा नव्हती.

सकाळी साडेसातपर्यंत शेवटच्या पाच सेकंदांच्या फ्रेम उरल्याच. तिने डोंगराचं एकच स्थिर चित्र रंगवून घेतलं, त्यावर नाव बसवलं, आवाज जोडला आणि पाठवून दिलं.

दुपारी दीडला बिल्डरच्या माणसाचा फोन आला. तिने स्पीकरवर ठेवला, हात खरकटे होते.

"ताई, छान होतं. पण शेवटी अडकलं ना ते? पाहुण्यांना वाटलं हँग झालं. आमच्या पोराने दोनदा वायर काढून लावली. साहेब स्टेजवरच होते."

"हो, सर. शेवटचा भाग वेळेत नाही झाला माझ्याकडून."

"काय झालं काय?"

मी ताटात बघत होतो. माझ्याकडे त्या क्षणी किमान अकरा उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक; मी तिच्याकडे पाहिलं, तिला एखादं हवं असेल तर.

"माझं मशीन जास्त तापलं," ती म्हणाली. "चूक माझी आहे, सर."

"बरं बरं. पुढच्या टॉवरचं मग... बघू आपण."

ठाणे जिल्ह्यात 'बघू' म्हणजे काय, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आमटी वाढणाऱ्या बायकोचा पळी धरलेला हातसुद्धा थांबला.

जेवण झाल्यावर ती उठली आणि उरलेल्या सव्वाशे फ्रेम लावून टाकल्या.

"आता कशाला?" मी विचारलं. "त्यांचं तर झालं दाखवून."

"माझ्याकडे पूर्ण असू दे," ती म्हणाली. आकडा शहाऐंशीवर येऊन थांबेपर्यंत उभी राहिली, मग टॉवेल घेतला आणि अंघोळीला गेली. माउस होता तिथेच होता. व्होल्टेजची पट्टी उघडीच होती. 'हात लावू नका' एवढं तरी ती म्हणेल, म्हणून मी बाथरूमचं दार लागेपर्यंत वाट पाहिली.