पाडव्याची बर्च

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतेय, आणि सांगताना माझाच संताप येतोय.

२००५ साल. लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये आयनो राहायची – फिनलंडची, सत्तरीतली, एकटी. हिवाळा सरला की ती खालच्या सामायिक बागेत बर्चच्या झाडाशी उभी राहून गायची. तिच्या गाण्यांत वसंत आधी झाडात उतरतो, मग माणसांच्या दारी येतो. म्हणून झाडाला विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. मला हे इतकं आवडलं, की इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला मी तिला गायला बोलावलं. अर्थ मराठीत मीच सांगणार होते.

माझी यादी कधी चुकत नाही. काठी, खण, गाठी, तांब्या – टिक. कडुलिंब इल्फर्डहून यायचा होता, आला नाही. मग? एक ओळ तशीच सोडायची? – कारण एवढंच, याहून मोठं नाही. सकाळी कात्री घेऊन खाली गेले आणि बर्चची पालवी फुटलेली फांदी कापली, कडुलिंबाच्या जागी गुढीला बांधायला. विचारलं? छे! पाडव्याला डहाळी तोडताना आपण कधी कुणाला विचारतो?

हॉलमध्ये आयनो गुढीसमोर गायली. अर्थ मी सांगितला – हो, न विचारता तोडू नये, तोही. टाळ्या पडल्या. चष्म्यावाचून तिला इतक्या उंचावरची पानं दिसली नाहीत.

संध्याकाळी तिने मला बागेत बोलावलं. वसंतात बर्च कापली की पाणी गळतं – मला कुठे ठाऊक! कापल्या जागेतून थेंब थेंब ठिबकत होतं.

"कुणी केलं हे?"

"टेरी असेल."

टेरी आमच्या इमारतीचा माळी. नाव किती पटकन सुचलं! इमारतीच्या व्यवस्थापनाला आयनोच्या नावाने तक्रारीचं पत्रही मीच टाइप करून दिलं – नीट, मुद्देसूद. टेरीची नोकरी गेली. आयनो पुन्हा बागेत गायली नाही. आणि मी? पत्र पाठवलं, टिक केली, स्वयंपाकाला लागले. याचीच चीड येते.

जूनमध्ये टेरी स्टेशनवर भेटला.

"ऑलराइट, लव्ह? झाडाचं पाणी थांबलं का?"

"थांबलं."

"मी नव्हती कापली ती. खरंच."

मी त्याच्याकडे नीट बघितलं.

"असं म्हणतोस?" मी म्हटलं.