व्हेनिसबद्दल मी काय काय सांगितलं

बहरीनमध्ये आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एक रीत आहे. कोणी युरोप करून आलं की त्यानं पुढच्या शुक्रवारी, जेवणं उरकल्यावर, सगळ्यांसमोर हजेरी द्यायची. फोन टीव्हीला जोडायचा, फोटो दाखवायचे आणि बडीशेप चघळत बसलेल्या मंडळींच्या एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं : 'नावाप्रमाणे आहे का?'

मी पेशानं कारकून. आठवडाभर दुसऱ्यांचे कागद भरतो. पण शुक्रवारी दुपारी उम्म अल हस्सममधल्या आमच्या फ्लॅटवर मी न्यायाधीश असायचो. दहा दिवसांची बस टूर करून आलो होतो आणि त्या दहा दिवसांवर पुढची सहा वर्षं मजेत काढली.

पॅरिस पास, असा माझा निकाल होता. टॉवर खरोखर उंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. नदी चहाच्या रंगाची, पण तिचा रुबाब असा की आपणच शर्टाची कॉलर नीट करतो. ते जगप्रसिद्ध हसऱ्या बाईचं चित्र मात्र नापास. ती हसते म्हणतात. तिच्या-माझ्यामध्ये इतके हात आणि इतके फोन वर झाले होते की मला फक्त कपाळ दिसलं. रोमचं प्रसिद्ध कारंजं दुरुस्तीसाठी बंद. आजूबाजूला लोखंडी परांची, आत हेल्मेट घातलेले मजूर. "उम्म अल हस्समच्या खिडकीतून रोज दिसतं तेच बघायला आम्ही रोमला गेलो," असं मी म्हणायचो आणि पहिला हशा वसूल करायचो. गावोगावी इमानेइतबारे भेटला तो फक्त जीरा राइस.

आणि मग व्हेनिस!

व्हेनिससाठी मी उठून उभा राहायचो. दोन खुर्च्या समोरासमोर, ती होडी. झाडूची दांडी, ते वल्हं. मागच्या टोकाला उभा होडीवाला, एक पाय पुढे, नजर लांब. नाकातल्या नाकात गुणगुणतोय. प्रवाशांकडे बघत नाही, पण कोणी जरा कलला की न बघताच ओरडतो, "मध्ये बसा, मध्ये!" पाणी लाकडावर हलकेच थापट्या मारतंय. दोन्ही बाजूंना घरं, घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात. मी हे केलं की खोली गप्प व्हायची. माझी बायको मात्र तेवढ्यात चहा टाकायला आत जायची.

ऐकणाऱ्यांत एक जोडपं होतं, बुसैतीनला राहणारं, मूळचं अकोल्याकडचं. तो मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणेवरचा टेक्निशियन. मोजकं बोलणारा, बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडण्यापासून माइक जोडण्यापर्यंत सगळं करणारा आणि फोटोत कुठेच नसणारा माणूस. वहिनी मात्र बोलक्या. व्हेनिसच्या वेळी नेहमी पुढच्या ओळीत, हनुवटीखाली हात.

मागच्या हिवाळ्यात दोघं आमच्याकडे आले ते व्हिसाचा फॉर्म घेऊन. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. तीन महिन्यांत फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी परत.

"भाई, बावीस वर्षांत एकही सुट्टी आमची नव्हती," तो म्हणाला. "भावाचं लग्न, बहिणीचं लग्न, बाबांचं ऑपरेशन, घराचा स्लॅब. आता इथलं रेसिडेंट कार्ड आहे तोवर हिला एकदा फिरवून आणतो. एकदा गावी गेलो की कुठलं युरोप!"

"कुठे कुठे जायचं?" मी पेन उघडलं.

"स्वित्झर्लंड काढून टाका. पॅरिसही काढा. सहाच दिवस आहेत, सगळे व्हेनिस लिहा."

"सगळे?"

"मी सांगितलं यांना," वहिनी म्हणाल्या. "बाकी राहू द्या. मले तुमचा तो होडीवालाच पाह्यचा आहे, भाऊ. मध्ये बसा म्हणतो ना, तो."

माझं पेन तिथेच थांबलं. सुख फॉर्मच्या रकान्यात बसतं की नाही ठाऊक नाही, पण त्या बाईचं एकुलतं एक युरोप माझ्या हाताखालच्या रकान्यात बसलेलं होतं. आणि तिला जो माणूस भेटायचा होता, तो व्हेनिसमध्ये नव्हता.

खरी गोष्ट अशी. व्हेनिसला आम्ही जेमतेम दोन तास होतो. ऊन, घाम, पुढे गाइडचं पिवळं निशाण, मागे चाळीस माणसं. एका धक्क्यावर गाइड म्हणाला, होडीत बसायचंय त्यांनी रांग लावा. तेव्हा मी, रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेला माणूस, मोठ्यानं जाहीर केलं, "होडीत बसायला कोकणातून इथे यायचं? आमच्याकडे शाळेत जायला होडी, बाजाराला होडी, वरातीला होडी!" लोक हसले. हसले म्हटल्यावर मी आणखी बोललो. तोवर होड्या निघून गेल्या आणि मी आणि बायको धक्क्यावर उभे राहिलो. अर्ध्या तासानं बाकीचे परत आले. कोणी होडीबद्दल काही बोलेना, पण चेहरे निवळलेले होते.

बहरीनला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी कोणीतरी विचारलं, "होडीत बसलात ना?" आणि माझं तोंड म्हणालं, "म्हणजे काय!" मग होडीवाला हवा. मला दुसरा कुठला माहीत? खाडी ओलांडायच्या होडीवरचा आमच्या लहानपणचा माणूस मी उचलला, लुंगी काढून त्याला पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातला आणि व्हेनिसला नेऊन उभा केला.

हे सगळं मी त्या दुपारी त्या दोघांना सांगितलं. झाडू न घेता, बसून.

तो फॉर्मकडे बघत राहिला. वहिनींचा चेहरा लाल झाला.

"बाप्पा! ते गुणगुणणं?"

"आमच्या खाडीतलं."

"मध्ये बसा?"

"तेही तिथलंच. व्हेनिसचा माणूस मराठीत कशाला ओरडेल, वहिनी!"

"मग काहून सांगितलं जी? सहा वर्षं? मी काय वेडी म्हणून बसत होती का समोर?"

दारात चहाचा ट्रे घेऊन बायको उभी होती. ती म्हणाली, "मला बसायचं होतं त्या होडीत." माझ्याकडे न बघता. तिनं ट्रे ठेवला आणि वहिनींच्या शेजारी बसली. सहा वर्षांत हे तिनं पहिल्यांदा सांगितलं, तेही मला नाही, त्यांना.

वहिनींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पायऱ्या तरी पाण्यात आहेत की त्याही खाडीतल्या?"

"त्या आहेत. देवाशप्पथ आहेत."

"आणि गाड्या?"

"एक नाही. रस्त्याच्या जागी पाणी. बसच्या जागीसुद्धा होडी, मोटारीची."

"वास येते म्हणतात?"

"मला आला होता. पण मी भर दुपारी गेलो होतो, आणि रागावलेलो होतो."

टेक्निशियननं फॉर्मवरून नजर काढली. "भाई, ही तुमच्या दोन तासांची खबर. तिथे राहिलेल्याची खबर काय आहे?"

ती माझ्याकडे नव्हती. पॅरिसची नव्हती, रोमचीही नव्हती. पास-नापास करत मी सहा वर्षं ज्या शहरांचे पेपर तपासले, ती मी बसच्या काचेतून पाहिली होती. हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. बायकोला म्हणाला, "बोल, काय करायचं? स्वित्झर्लंड लिहू?"

वहिनींनी फॉर्मवरून बोट फिरवलं. "तुमची खाडी मी कधीही पाहीन," त्या म्हणाल्या. "तिले व्हिसा लागत नाही. लिहा व्हेनिस. पण आता माझं मी पाहीन. तुम्ही काही सांगू नका."

मी सहा दिवसांपुढे एकच शब्द लिहिला. एवढ्या सुवाच्य अक्षरात मी साहेबाचंही पत्र लिहिलेलं नाही.

व्हिसा आला, ते गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही जेवत होतो. वहिनींनी लोकरी टोपी घातलेली, नाक थंडीनं लाल, मागे इंजिनाची घरघर. त्या मोटारीच्या होडीत होत्या, भाजी घेऊन घरी निघालेल्या तिथल्या बायकांच्या मधोमध.

मी फोन हिसकावला. "वहिनी! सांगा, नावाप्रमाणे आहे का?"

"थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी मान वळवली. काहीतरी समोर आलं असावं. आधी पडद्यावर त्यांचा कान दिसला, मग कोटाचं बटण, मग फोन बहुतेक मांडीवर गेला, कारण राखाडी आकाश आलं आणि घराच्या छपराची एक कड हळूहळू सरकत गेली.

मागून नवऱ्याचा आवाज, "अगं, फोन चालू आहे."

"असू दे."

छपरं जात होती. एका गच्चीवर कपडे वाळत होते. होडी वळली तसं आकाशही वळलं. मला दहा वाक्यं सुचली होती, सगळी चांगली. माझा अंगठा लाल बटणाकडे गेला.

"बंद करू नका," बायको म्हणाली आणि हात पुसून तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.