ती उठली नाही
भाजलेल्या कणसाचा वास आला की मी अजूनही आधी मागे वळून बघते. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, ऑटिझम असलेली. तिला शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, "लांबलचक बोलू नका हो, एका शब्दात सांगा." म्हणून अंधेरीच्या आमच्या घरात महिनाभर नुसतं 'बस' चाललं होतं, बसली की चार चुरमुरे हातावर. त्या संध्याकाळी जुहूला, ओलसर वाळूवर मी "बस" म्हटलं आणि ती पटकन बसली. मी काय हरखले! वीस पावलांवर कणीसवाल्याकडे गर्दी होती. कोळशाच्या ठिणग्या उडत होत्या, आणि तो लिंबू-मीठ चोळेपर्यंत माझी पाठच होती तिच्याकडे. वळले तर भरतीचं पाणी तिच्या कमरेला लागलेलं, फ्रॉक फुगून वर आलेला, आणि ती तशीच मांडी घालून. मी धावत सुटले. "अगं, पाणी आलंय, दिसत नाही का तुला?" "दिसतंय," ती म्हणाली आणि बसूनच राहिली. पुढची लाट तिच्या छातीवर आपटली. मी एकच शब्द ओरडले, "ऊठ!" ती लगेच उठली, आणि चुरमुऱ्यांसाठी तिने ओला तळवा माझ्यापुढे धरला. बसायला शिकवलं होतं आम्ही. कधी उठायचं, ते सांगितलंच नव्हतं. आता ती बारा वर्षांची आहे. तरी घरात सोफ्यावर "बस" म्हणण्याआधी मी फरशी कोरडी आहे ना, ते बघून घेते.