सुरुंगाची रेघ

१९९६च्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी सात चाळीसला चंद्रहास भुईगावच्या खोलीत भूकंपमापकाच्या फिरत्या पिंपावरून कालचा कागद उतरवत होता. काजळी धरलेल्या कागदावर सुईने रात्रभर पांढरी रेघ ओढली होती, गाढ झोपलेल्याच्या श्वासासारखी संथ. खिडकीबाहेर केळीची वाडी, तिच्यापलीकडे समुद्र. या खोलीत बसलं की जमीनही काठाला बांधलेल्या होडीसारखी हलते आहे, असं वाटायचं.

फोन वाजला. मुंबईच्या कार्यालयातली सुरुची.

"तुझं भुईगाव पुन्हा उलटं बोलतंय."

पूर्वेकडच्या डोंगरात बारीक भूकंप होत होते. जमिनीतली भेग सरकली की काही भूकंपमापन ठाण्यांना पहिला धक्का वर ढकलतो, काहींना खाली ओढतो. वर कुठे, खाली कुठे, हे नकाशावर मांडलं की भेग कोणत्या दिशेने सरकली ते उमगतं. भोवतीची ठाणी वर म्हणत होती, भुईगाव एकटंच खाली.

"सोमवारी अहवाल जातोय. कधीपासून बिघडलंय ते सांग, नाहीतर तुझं वर्षभराचं वाचन वगळते."

"वर्षभराचं?"

"मग काय, अर्धं खरं अर्धं खोटं छापू?"

त्याने कागद पसरला. दुपारची एक दाटलेली खूण दिसली: जूचंद्रकडच्या खदानीतला सुरुंग. सुरुंगावर तो, भूकंप नव्हे म्हणून, न बघता फुली मारायचा. आज हात थांबला. सुरुंग चहूबाजूंनी बाहेरच ढकलतो, रेघ वरच जायला हवी. ही खाली गेली होती.

तो जुने कागद उलगडत मागे गेला. जानेवारी, खाली. नाताळ, खाली. वीस डिसेंबर, वर.

अंगणात घरमालकीण झाडत होती.

"क्लेमेंटीनबाय, नाताळाआधी खोलीत कोण आलं होतं?"

"मीच, एकवीस तारखेला. सनाला चुना नको लावायला? तुझीच खोली काळी ठेवू?"

"आणि यंत्राच्या तारा?"

"काढल्या, पुसल्या, लावल्या. दोन तारा नि दोन खिळे, त्यात काय चुकायचंय?"

खाऱ्या हवेने दोन्ही तारा एकाच राखी रंगाच्या झाल्या होत्या; उलट लागल्या की रेघही उलटी. चंद्रहासला हसू आलं. त्याने तारांची अदलाबदल केली आणि फोन लावला.

"एकवीस डिसेंबरपासूनचं सगळं उलटव. त्याआधीचं बरोबर आहे."

"कशावरून?"

"सुरुंगावरून. तारा उलट लागल्या होत्या, आत्ता बदलल्यात."

"मग पुढच्या सुरुंगाची रेघ वर गेली, तर वर्षभराचं वाचन ठेवते."

"आज नाही. खदान गुरुवारी बंद असते."

त्याने नवा कागद चढवला. सुई सरकू लागली. उद्या शुक्रवार. सुरुंग दुपारी साडेबाराला लागतो.