समोरून येणारा रामराम

पहिल्यांदा बनुमावशीच्या व्हॅनमध्ये बसलो तेव्हा मला वाटलं, ही बाई निवडणुकीला उभी राहिली तर बिनविरोध येईल.

तिसगावातून संध्याकाळी आम्ही निघालो. नुकताच अंधार पडला होता. समोरून टेम्पो आला. त्यानं हेडलाईटची उघडझाप केली. मावशीनं स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि म्हणाली, "रामराम." मग एक मोटारसायकल आली. तिनंही डिप्पर दिला. "रामराम." दुधाची गाडी आली. पुन्हा उघडझाप. "रामराम रं बाबा."

"मावशी, तुम्हाला सगळेच ओळखतात?"

"वळखनार न्हाईत? ह्या रस्त्याला गाडी चालवनारी दुसरी म्हातारी दाव."

मग गोंडे लावलेला, रंगीबेरंगी दिव्यांचा भलामोठा ट्रक आला. सरळ सरळ परराज्यातला. त्यानंही डिप्पर दिला. मी चाट पडलो.

"हा तर राजस्थानातला वाटतो."

"मंग? त्यांच्यातबी रीत आसंलच की. मानूस मानसाला हात करतंच."

मला हे वाक्य फार आवडलं. पुढच्या वळणापर्यंत मीही हात उचलायला लागलो.

मी मराठी घेऊन एमए झालो. तिसगावात पोलीस भरतीच्या क्लासमध्ये व्याकरण शिकवतो. घर शेवगाव रस्त्याला, वाडीत. वडील तिथल्या शाळेत गुरुजी होते. बनुमावशी त्याच वाडीची. तिच्यात आणि माझ्यात वयाचं अंतर मोठं, पण आमची मैत्री आहे. मी तिला मावशी म्हणतो. ती मला मूडप्रमाणे अवधूत, गुरुजी किंवा येडा म्हणते.

व्हॅन खरं तर आप्पासाहेबांची. आप्पासाहेब म्हणजे मावशीचे यजमान. भाजी बाजारात न्यायला त्यांनी ती जुनी घेतली होती. नंतर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्यांनी आधी स्वतःच्या फाटकाचा खांब पाडला. मग शेजाऱ्याच्या म्हशीचा हौद. म्हैस त्या वेळी पाणी पीत होती.

"चावी हिकडं द्या," मावशी म्हणाली.

"तू काय करशील चावीचं?"

"गाडी चालवीन. अजून काय, कानात घालीन?"

वाडी पोट धरून हसली. ज्वारी निघालेल्या रानात मावशी गाडी शिकली. शेजारी आप्पासाहेब बसायचे. त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं, तरी ते "डावीकडं, डावीकडं" ओरडायचे. "आंधळ्यानं शिकवलं न् अडान्यानं शिकलं," असं मावशी अजून सांगते. पण नगरला जाऊन लायसन घेऊन आली. तेव्हा वाडीचं हसणं थांबलं.

त्या गाडीत भाज्यांच्या जागी मुली आल्या, त्या आमच्या वाडीतल्या राजनंदिनीमुळे. राजनंदिनीला पोलीस व्हायचं होतं. पळायला वाऱ्यासारखी. मैदानाची तयारी ती बांधावरून पळून करायची. लेखी परीक्षेला मात्र क्लास हवा होता, आणि क्लास सुटेपर्यंत अंधार पडायचा. तिचे वडील कानिफनाथ ट्रॅक्टरवाले. स्वभावानं वाईट नाहीत, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला चपला घालून पळावंसं वाटावं. ते म्हणाले होते, "अंधारात पोरगी रस्त्याला उभी ऱ्हानार न्हाई. विषय संपला."

मावशीनं विषय संपू दिला नाही. "रस्त्याला कशाला उभी ऱ्हाती? माझ्या गाडीत बसंल. क्लासच्या दारातनं तुझ्या दारात."

कानिफनाथांनी विचार केला आणि मान हलवली. एका बापानं मान हलवल्यावर बाकीच्या बापांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही. वाडीतल्या पाच मुली क्लासला यायला लागल्या. सगळा व्यवहार एका गोष्टीवर उभा होता. मावशीच्या गाडीवरचा विश्वास.

भरती जवळ आली आणि त्याच सुमारास आप्पासाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिली त्या दिवशी ते हट्टानं मावशीबरोबर तिसगावला आले. बाजार बघितला. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली. एका ओळखीच्या माणसाला म्हणाले, "आरं, तू किती म्हातारा झालास!"

परत येताना ते पुढे बसले. मी मागे, मुलींमध्ये दाटीवाटीनं. गाडी गावाबाहेर आली. रस्त्यावरचे दिवे संपले.

आप्पासाहेबांनी मान पुढे काढली. मग म्हणाले, "बने, लाईट लाव की."

"लावलीया."

"लाव गं. मस्करी करू नको."

"अवो, लावलीया म्हनलं ना."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"बने, ऑपरेशन फसलं."

"काय बोलताय?"

"मला रस्ता दिसंना. बाजारात समदं दिसत हुतं. आता फकस्त काळं हाय. त्या डाक्टरनं एका दिवसाचं औषध घातलं बघ!"

मुली घाबरल्या. राजनंदिनी मागून म्हणाली, "आप्पा, डोळ्यांवर ताण देऊ नका. मिटून बसा." समोरून एक जीप आली. डिप्पर. मावशीनं अशाही स्थितीत हात उचलला. "रामराम. अवो, रडू नका. उद्या जाऊ डाक्टरकडं."

आप्पासाहेबांनी डोळे मिटले नाहीत. उलट ताणून ताणून समोर बघत राहिले. आणि एकाएकी किंचाळले.

"ऊस! बने, ऊस!"

मावशीनं ब्रेक दाबला. गाडी फरफटली. आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर गेलो. गाडी थांबली तेव्हा समोरच्या काचेवर उसाची टोकं टेकली होती. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. काळ्या अंधारात काळा ऊस.

 मग आप्पासाहेबांनी टाळी वाजवली.

"दिसलं! मला दिसलं! हिच्या आधी दिसलं! डोळे चांगले हायत माझे!"

ट्रॉलीच्या बाजूनं आवाज आला. "कोन रं त्यो आंधळा?"

"हुतो," आप्पासाहेब आनंदानं ओरडले. "आता न्हाई!"

दोरी आवळायला थांबलेला माणूस पुढे आला. कानिफनाथ.

"मावशी, तुमी? आवो लाईट लावायला काय झालं?"

"काय समदे लाईट लाव, लाईट लाव! लावलीया की!"

कानिफनाथ गाडीपुढे गेले. विहिरीत वाकून बघावं तसं हेडलाईटमध्ये वाकून बघितलं. "ही लाईट हाय? आमच्या देवाऱ्यातली समई बरी."

"आन् तुझ्या ट्रॉलीला मागं काय हाय? कुकवाएवढं तरी लाल हाय का?"

"येवढा डोंगराएवढा ऊस! दिसतो की!"

"मला न्हाई दिसला."

"कसा दिसंल? समदा रस्ता तुमाला डिप्पर मारतो, लाईट लावा, लाईट लावा म्हनून. मी किती येळा मारलाय. तुमी आपल्या हात हालवून जाता!"

"ते रामराम करत्यात," मावशी म्हणाली.

कानिफनाथांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी ट्रॉलीचा आधार घेतला. "रामराम! आगं आई गं! रामराम!"

आमच्यातलं कुणी हसलं नाही. मावशीचा हात स्टिअरिंगवरून खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. मला तिच्याकडे बघवेना. एवढे दिवस मी त्याच गाडीत बसत होतो. रस्त्यावर किती उजेड पडतो, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

राजनंदिनी मागचं दार सरकवून खाली उतरली. "नाना, ट्रॉलीला मागं लाईट नसली तर दंड होतो."

कानिफनाथांचं हसू तिथंच थांबलं. आपली मुलगी याच गाडीत असते, हे त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी तिला बघितलं. काचेला टेकलेला ऊस बघितला. दोन्हींमधलं अंतर बघितलं.

"चल, टॅक्टरवर बस. उद्यापासनं क्लास बंद."

"नाना, भरती तोंडावर आलीय."

"बंद म्हंजे बंद."

ती गेली. बाकीच्या चार मुली आपापल्या घरी उतरल्या. मला कळत होतं. एका बापानं मान हलवल्यावर जे झालं होतं, ते आता उलट्या बाजूनं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती.

"येवढे दिस मी गावाला हात करत हुते रं," ती म्हणाली. "लोकं घरी जाऊन हसली आसतील."

आप्पासाहेब आतून चहा घेऊन आले. डोळे परत आल्यापासून ते सगळी कामं करून बघत होते. "हसंनात का. थांबून सांगितलं का एकानं तरी? डिप्पर मारला न् गेले. तू निदान हात तरी केलास."

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. मग चहा घेतला. मग उठली.

"चल रं अवधूत. छगनकडं."

आप्पासाहेबही बरोबर आले. छगन तिसगावातला मेकॅनिक. त्यानं हेडलाईट उघडून बघितले. काच पिवळी पडली होती. आतला चकचकीत पारा उडाला होता. एका बाजूची वायर गंजून लोंबत होती.

"मावशी, तुमच्या गाडीलाच मोतीबिंदू झालाय."

"मंग कर ऑपरेशन," आप्पासाहेब म्हणाले. "एक दिस हिरवी पट्टी बांधायची का?"

छगननं दोन्ही हेडलाईट बदलले. मागचे दिवे तपासले. उजेड जमिनीवर पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून भिंतीवर खूण करून त्यांची तोंडं नीट लावून दिली. मावशीनं त्याच्याकडून आणखी एक वस्तू घेतली. लाल रेडियमच्या पट्टीचं भेंडोळं. कशाला, ते सांगितलं नाही.

अंधार पडल्याबरोबर आम्ही कानिफनाथांच्या वस्तीवर गेलो. मावशीनं गाडी बरोबर घरासमोर उभी केली आणि दिवे पूर्ण लावले.

अख्खं घर उजळलं. ओसरीवरची भांडी लखलखली. कानिफनाथांची बायको कडूबाई चुलीपुढं बसली होती, तिनं पदर डोळ्यांवर घेतला. लिंबावर बसलेल्या कोंबड्याला वाटलं पहाट झाली. तो आरवला. शेजारच्या वस्तीवरचा कोंबडाही आरवला.

कानिफनाथ डोळ्यांवर हात धरून बाहेर आले. "आवो, बंद करा! कोन हाय?"

"दिसतंय का?" मावशीनं विचारलं.

"आंधळा व्हायची वेळ आलीया!"

"हां." मावशीनं उजेड खाली केला आणि उतरली. "माझी लाईट न्हवती, माझं चुकलं. लावून आनली. आता तुझी ट्रॉली कुठंय?"

"ट्रॉलीचं काय?"

मावशीनं भेंडोळं दाखवलं. "तुझी पोरगी माझ्या गाडीत आसंल नायतर दुसऱ्याच्या. ट्रॉली तुझीच आसंल रस्त्यात. कुनाची पोरगी धडकायची वाट बघतो?"

 कानिफनाथ बोलायला लागले असते, पण राजनंदिनी आतून फडकं घेऊन आली होती. तिनं ट्रॉलीची मागची फळी पुसायला सुरुवात केली. मावशी पट्टी कापत गेली. मी चिकटवत गेलो.

"वाकडी लावली गुरुजींनी," कानिफनाथ म्हणाले. "समास शिकवा तुमी. सरका." आणि मला बाजूला करून स्वतः चिकटवायला लागले.

काम झाल्यावर मावशीनं गाडीचे दिवे ट्रॉलीवर टाकले. लाल रेघा पेटल्यासारख्या दिसल्या. कानिफनाथ मागे मागे चालत दूर गेले, बांधापर्यंत. तिथून ओरडले, "लई लांबनं दिसतंय की वो!"

"मंग उद्या पोरगी?" मावशीनं विचारलं.

ते सावकाश चालत परत आले. मग म्हणाले, "उद्या बसंल. पोरगी घरी कवा येती, त्यो येळ मी बघनार. फुडचं फुडं."

दुसऱ्या दिवशी गाडीत पाचही मुली होत्या. वाटेत कुणी डिप्पर मारला नाही. मावशीचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. तिच्यापुढे नवाच प्रश्न होता. तिला रस्ता दिसायला लागला होता.

"हा खड्डा कवापासनं हाय?"

"पहिल्यापासून, मावशी."

"आन् मी ह्याच्यावरनं जात हुते?"

"रोज."

"मेले आसते की!"

मग ती प्रत्येक खड्ड्याला जपून वळसा घालायला लागली. वाटेत साप दिसला, तर थांबली. दिव्याशिवाय चाललेला मोटारसायकलवाला दिसला, तर काच खाली करून त्याला असं झापलं की तो उतरून गाडी ढकलत निघाला. मागे मुली विरुद्धार्थी शब्द पाठ करत होत्या. आप्पासाहेब पुढे बसून दिसेल ते जाहीर करत होते. "मैलाचा दगड! बाभूळ! कुत्रं!"

आम्हाला पोहोचायला उशीर झाला. चांगलाच. कानिफनाथ वस्तीच्या फाट्यावर येऊन उभे होते, हातात बॅटरी.  राजनंदिनीनं वही छातीशी धरली.

गाडी थांबली. त्यांनी खिडकीत तोंड घातलं.

"येवढा येळ?"

"खड्डे दिसत्यात आता," मावशी म्हणाली. "मंग हळू चालवावं लागतं."

 राजनंदिनी उतरली. कानिफनाथांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि बॅटरी तिच्या पायांपुढे धरली. दोन पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाले, "उद्या जरा लवकर निघा तिकडनं. भाकरी गार व्हती पोरीची."