डावखुऱ्याचं उलटं मैदान

माझा मामा डावखुरा आहे, यात विशेष काही नाही. जगात पुष्कळ माणसं डावखुरी असतात आणि शहाण्यासारखी जगतात. मामाचं म्हणणं मात्र असं, की हे जग उजव्या लोकांनी खास त्याला छळायला बांधलंय. कात्री घ्या, दाराची कडी घ्या, बँकेत साखळीला बांधलेलं पेन घ्या, प्रत्येक वस्तूशी त्याचं भांडण आहे. आणि भांडणात तो कधी हरत नाही, कारण समोरचा कंटाळून निघून जातो. बहुतेक वेळा तो समोरचा मी असतो.

आम्ही दोघं एकाच लॉन्ड्रीत कामाला आहोत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, धुतल्या जातात, गरम रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडतात, मग दोघादोघांनी समोरासमोर धरून त्यांच्या घड्या घालायच्या. मामासमोर उभं राहायला कुणी तयार नसतं. सगळे एका बाजूनं दुमडतात, हा दुसऱ्या बाजूनं, आणि चादरीच्या मधोमध दोघांची डोकी आपटतात. वर हाच म्हणणार, "तू उलटा दुमडतोस." भाचा असल्यामुळे ही शिक्षा माझ्या नशिबी आलीय. मामी घरच्या चादरींच्या घड्या एकटीच घालते. ती शहाणी आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही लिहायला बसलो नसतो. पण आमच्या लॉन्ड्रीची बेसबॉलची टीम आहे, वर्षातून एकदा बस डेपोशी मॅच असते, आणि मामाला शॉर्टस्टॉप व्हायचं होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेत आमच्या खेळाच्या सरांनी मला सांगितलं होतं, तसंच. मैदान शंकरपाळ्याच्या आकाराचं. खालच्या टोकाला बॅटवाला. त्यानं चेंडू मारला की उजव्या हाताच्या टोकाकडे, म्हणजे फर्स्ट बेसकडे धावायचं. तिथून सेकंड, तिथून डावीकडचं थर्ड, मग परत घरी. सेकंड आणि थर्डच्या मध्ये जो उभा असतो तो शॉर्टस्टॉप. जमिनीवरून सुसाट आलेला चेंडू उचलायचा आणि धावणारा पोचायच्या आत फर्स्टवर पाय ठेवून उभ्या असलेल्या आपल्या गड्याकडे फेकून त्याला आउट करायचं, हे त्याचं काम. आता उजव्या माणसानं चेंडू उचलला, की त्याचा डावा खांदा आधीच फर्स्टकडे झालेला असतो. एक पाऊल टाकलं, फेकला, संपलं. डावखुऱ्याचं नेमकं उलटं. चेंडू हातात, पण खांदा भलतीकडे. आधी त्यानं अख्खं अंग फिरवायचं, मग पाय रोवायचा, मग फेकायचं. तेवढ्यात धावणारा फर्स्टवर पोचून बुटाची नाडी बांधत असतो.

म्हणून डावखुऱ्यांना फर्स्टवर उभं करतात. तिथं त्यांच्यासारखं कुणी नाही. हातमोजा उजव्या हातात, त्यामुळे मैदानाच्या बाजूनं येणारा चेंडू आपसूक झेलला जातो. यात अपमान कसला? पण मामाला शाळेपासून प्रत्येक टीमनं फर्स्टवर नाहीतर लांब कडेच्या गवतात उभं केलं, आणि ते त्याच्या पोटात गेली तीसएक वर्षं मुरत होतं.

या वर्षी आमचा नेहमीचा शॉर्ट नोकरी सोडून गेला. मामा सरळ बॉयलरखोलीत गेला. आमचा कॅप्टन तिथंच असतो. सगळे त्याला इंजिन म्हणतात, कारण तो बोलण्याआधी फुसकन श्वास सोडतो.

"शॉर्ट मला द्या," मामा म्हणाला.

"मामा, तुम्ही डावरे."

"मग? चेंडूला कळतं का कुणी फेकला ते?"

इंजिननं श्वास सोडला. "सरावात बघू."

आता सराव कुठे करायचा? लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात. ते आखायचं काम मामानं हौसेनं अंगावर घेतलं, आणि आम्ही जाऊन पाहतो तर फर्स्ट डावीकडे! सगळं मैदान आरशात पाहावं तसं. मी कपाळाला हात लावला.

"मामा, हे काय?"

"उजवीकडे बॉयलरखोलीची काच आहे. फर्स्टला फेकलेला एक चेंडू सुटला की इंजिन पगारातून कापायला लावेल."

"अरे, पण मॅचमध्ये फर्स्ट उजवीकडे असणार!"

"मग त्या दिवशी सगळ्यांनी उलटं धरायचं. एवढी अक्कल नाही का लोकांना?"

काचेचं नाव निघताच इंजिनला ते पटलं. मला नाही पटलं, पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या उलट्या अंगणात मामा असा खेळला, की बघत राहावं. चेंडू उचलला की त्याचा उजवा खांदा थेट फर्स्टकडे. वळणं नाही, अडखळणं नाही. फर्स्टवर मी होतो, माझ्या मोज्यात चेंडू येऊन असा बसायचा, जसा तिथंच राहायला आलाय. बाकीच्यांची मात्र दैना. उजव्या हाताचे सगळे, आणि शॉर्टवर पाळी आली की मीही, चेंडू उचलून स्वतःभोवती गिरक्या घेत होतो. एका अंगणात मामानं आम्हा सगळ्यांना डावखुरं करून टाकलं होतं. तो वर आम्हालाच शिकवायचा, "अंग आधीच वळवून ठेवा रे! किती वेळ लावता!"

इंजिन खूश झाला. मॅचच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "उद्या शॉर्ट मामांचं. जमलं तर कायमचं त्यांचं. नाही जमलं तर मामा, पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल," मामा म्हणाला. त्या दिवशी घरी जाताना तो माझ्याशी एकदाही भांडला नाही. मला काळजीच वाटली.

मॅचला पहिली बॅटिंग आमची. पहिला आमचा टेम्पोवाला. या माणसाला शहरातली गल्ली न् गल्ली पाठ. त्यानं चेंडू झकास मारला, बॅट टाकली, आणि जिवाच्या आकांतानं डावीकडे, थर्डकडे पळत सुटला. तिथं पोचून हात वर करून उभा! डेपोचे लोक पोट धरून खाली बसले. पंचानं त्याला आउट दिलं, तर हा पंचालाच विचारतो, "का? आधी पोचलो की!"

इंजिननं मामाकडे पाहिलं. मामा आकाशाकडे पाहत होता.

कडेला बाकावर मामी बसली होती. तिला खेळातलं फारसं कळत नाही, पण घडला प्रकार बरोबर कळला. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," ती शेजारणीला म्हणाली, "नाचता यावं म्हणून अंगणच उलटं करणारा आमच्याच घरात निघाला."

आमची बॅटिंग शून्यावर आटोपली. मग मामा शॉर्टवर जाऊन उभा राहिला. गुडघ्यांत वाकून, मोजा जमिनीला टेकवून. दिसत होता मात्र अगदी चित्रातल्यासारखा.

पहिलाच चेंडू त्याच्याकडे. सुंदर उचलला. मग सुरू झालं ते वळण. आधी डोकं, मग खांदा, मग पोट, मग शेवटी पाय. चेंडू माझ्या मोज्यात आला तेव्हा डेपोचा ड्रायव्हर माझ्या शेजारी उभा राहून विचारत होता, "हे तुमचे कोण?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

दुसरा चेंडूही तिकडेच. पुन्हा तेच वळण, पुन्हा धावणारा सुखरूप. आता फर्स्टवर एक, सेकंडवर एक. डेपोवाले ओरडायला लागले, "तिकडेच मार, तिकडेच मार! गाडी वळवायला जागा लागते त्याला!"

इंजिन मैदानात आला. "मामा..."

"एक अजून," मामा म्हणाला. चिडून नव्हे. मागून घेतल्यासारखं म्हणाला, आणि त्यामुळे इंजिन मुकाट परत फिरला.

तिसरा चेंडू मामाच्या उजवीकडे सणसणत आला. मोज्याचा हात त्याच बाजूला. त्यानं वाकून अलगद टिपला. आम्ही सगळे बोंबललो, "फर्स्ट! फर्स्ट!" आणि मामानं उभ्याउभ्या, अंगही न वळवता, गोळीसारखा चेंडू फेकला तो थर्डला! तिथं आमचा गठ्ठे बांधणारा पाय ठेवून उभा होता. त्यानं घाबरून मोजा तोंडासमोर धरला, आणि चेंडू त्यात. एका बेसवर दोघांना थांबता येत नाही, आणि मागून दोघं येत असल्यामुळे सेकंडवाल्याला थर्ड गाठणं भागच होतं. चेंडू त्याच्या आधी पोचला. आउट!

आमच्या बाजूनं एकच गिल्ला झाला. टेम्पोवाला नाचायला लागला. "मामांनी डोकं चालवलं! पुढचाच गडी टिपला!" इंजिनसुद्धा हसत हसत मैदानात आला.

"मामा, खरं सांगा. ठरवून फेकलात थर्डला?"

मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. हा माणूस 'हो' म्हणणार, शॉर्ट कायमचं याचं होणार, आणि आम्ही जन्मभर उलट्या अंगणात गिरक्या घेणार. मान नुसती हलवली तरी काम झालं असतं. आयुष्यभर जो कधी कुठला वाद हरला नाही, त्याला एवढा सोपा वाद कोण देतं?

मामानं हातातल्या मोज्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "फर्स्टलाच फेकायचा होता. हात अंगणातल्या सवयीनं गेला."

इंजिननं फुसकन श्वास सोडला. मामानं वाट पाहिली नाही. शॉर्टवरून निघाला, मैदान आडवं ओलांडून माझ्यापाशी आला.

"जा तिकडे," तो म्हणाला. "बघतोस काय तोंडाकडे?"

मी शॉर्टवर गेलो. वाकून मोजा जमिनीला टेकवतो, तोच पुढचा चेंडू सरळ माझ्याकडे आला. मी उचलला. माझा डावा खांदा फर्स्टकडेच होता, नुसतं फेकायचं होतं. पण इतक्या दिवसांच्या सरावानं मी आधी इमानदारीत एक गिरकी घेतली, आणि मग चेंडू वेडावाकडा भिरकावला. मामानं एक पाय बेसवर ठेवून अंग असं ताणलं, की उजवा हात कोपरातून निखळेल असं वाटलं. जमिनीलगत चेंडू टिपला. आउट!

मी टाळी वाजवायला हात वर केले, तर मामा तिकडून लालबुंद होऊन ओरडत होता, "अरे गाढवा, तू उजवा आहेस ना? मग सरळ फेक की!"