दुधाच्या पातेल्यातले ठिपके

वसतिगृहातल्या मुली त्यांना आरसेमावशी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं. मावशींनी घासून पालथं घातलेलं पातेलं उचललं की त्यात तोंड दिसायचं. एखादी मुलगी जेवणघरात जाता जाता स्वयंपाकघरात डोकवायची, मांडणीवरच्या मोठ्या झाकणात बघून केस सारखे करायची आणि म्हणायची, "मावशी, आमच्या खोलीतल्या आरशापेक्षा तुमचं झाकण बरं. निदान नाक सरळ दिसतं."

"हात लावू नकोस गं, बोटं उमटतात," मावशी लटक्या रागानं म्हणायच्या. पण त्यांची मान जरा ताठ व्हायची.

बावीस वर्षं त्यांचं काम एकच, मोठ्या भांड्यांचं. ताटं-वाट्या मुली आपापल्या धूत. मावशींच्या मोरीत यायचं ते स्टीलचं जड सामान: भाताची दोन पातेली, रश्श्याची कढई आणि लहान मूल आत उभं राहील एवढं दुधाचं पातेलं. तळाचा काळा थर बघून त्या आचाऱ्याच्या मनातलं सांगत. थर एकाच बाजूला जाड असला की म्हणत, "ढवळायचं सोडून खिडकीबाहेर काय बघत होतास?" सगळीकडे सारखा असला की म्हणत, "घाई झाली होती ना? आच मोठी ठेवलीस." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

त्यांची रीत ठरलेली होती. घासायचं सगळ्यात शेवटी. आधी भांड्यात बोटभर पाणी आणि मूठभर सोडा घालून ते पुन्हा मंद आचेवर चढवायचं आणि कडेचा पापुद्रा आपण होऊन सुटेपर्यंत गप्प बसायचं. मग लाकडी उलथन्यानं ढकलायचं. उरलेलं लिंबाच्या सालीनं, तेही स्टीलवरच्या बारीक रेघांच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. तारेची घासणी त्यांनी मोरीत कधी येऊ दिली नाही. "आज ओरखडा पडला की उद्या दूध नेमकं तिथंच धरणार," असं त्या बजावत.

जुना आचारी गेला आणि नवा आला तो तिशीतला, उंच, हळू बोलणारा. पहिल्याच दिवशी त्यानं भाताच्या गार पाण्यावर मिठाची मूठ धरली आणि मोरीतून मावशी ओरडल्या, "थांब!"

त्याची मूठ हवेतच राहिली.

"गार पाण्यात मीठ नाही टाकायचं. तळाशी बसतं ते, आणि स्टील खातं. बारीक खड्डे पडतात. उकळी आली की टाकायचं. कुणी शिकवलं नाही तुला?"

"नाही शिकवलं," तो म्हणाला. "आता शिकलो."

तेव्हापासून रोज चुलीजवळून त्याची हाक यायची, "मावशी, उकळी आली. टाकू का मीठ?" आणि मावशी म्हणायच्या, "टाक की बाबा. रोज काय परवानगी मागतोस?" भाजी चिरणाऱ्या दोघी जणी हसायच्या. तोही हसायचा.

त्याच वर्षी थंडीत मावशींची बोटं धरली. आधी सकाळी मूठ वळेना. मग उजव्या हाताची मधली तीन पेरं सुजली आणि लिंबाची साल दाबली की कळ थेट कोपरापर्यंत जाऊ लागली. कुणाला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मावशींच्या आधी मोरीवर एक बाई होत्या. त्यांचे हात थकल्यावर त्यांना कोपऱ्यात लसूण सोलायला बसवलं होतं, आणि मुली त्यांना हसत लसूणबाई म्हणू लागल्या होत्या. त्या हसण्यात तेव्हाच्या तरुण मावशीही सामील होत्या. ते हसणं आता आठवायचं, आणि सुजलेली बोटं पदराखाली जायची.

एके दिवशी न्हाणीघरं साफ करणारी बाई आपला ब्लीचचा पांढरा कॅन मोरीच्या कट्ट्यावर विसरून गेली. दुधाचं पातेलं काळं होऊन समोर पडलेलं होतं. मावशींनी इकडेतिकडे बघितलं, कॅनची दोन झाकणं भरून त्यात ओतली, वर गरम पाणी घातलं आणि वरून ताट झाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थर ओल्या कागदासारखा निघाला. पेरं जरासुद्धा दुखली नाहीत. त्यांनी पातेलं तीन पाण्यांनी धुतलं, वास घेतला, परत धुतलं.

त्यानंतर तो कॅन हरवला असं त्या बाईला वाटलं. तो मोरीखाली, फडक्यांच्या बादलीमागे होता.

आपण काय करतोय हे मावशींना कळत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं ज्या बाईनं स्टीलला साधा ओरखडा पडू दिला नाही, तिला ब्लीच स्टीलचं काय करतं ते ठाऊक होतं. मनाशी त्या म्हणत, एवढ्या वेळेला. मग पुढच्या वेळीही तेवढंच म्हणत.

तीन महिन्यांनी पातेल्याच्या तळाशी ठिपके दिसले. सुईच्या टोकाएवढे, काळपट, बोट फिरवलं की खरखरीत. दूध त्या ठिपक्यांनाच धरू लागलं. धरलं की करपायचं, करपलं की मावशी पुन्हा कॅन काढायच्या, आणि ठिपके वाढायचे. मुली दुधाचा पेला नाकाशी नेऊन म्हणू लागल्या, "नव्या आचाऱ्याला दूधसुद्धा तापवता येत नाही." तो बिचारा पातेल्यापासून हलेनासा झाला. हात दुखेपर्यंत ढवळायचा, आच अगदी वातीएवढी ठेवायचा. तरी दूध लागायचंच.

शेवटी एका सकाळी चुलीवर चर्रकन आवाज झाला. मग पुन्हा. पातेलं तळातून थेंब थेंब गळत होतं.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई स्वयंपाकघरात आल्या. त्या कडक होत्या, पण उगाच कुणाला बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पातेलं आडवं करून तळ उजेडाकडे धरला. तळातून दोन बारीक चांदण्या दिसल्या.

"चार वर्षं नाही झाली हे घेऊन," त्या म्हणाल्या. "तळाला भोकं पडतात म्हणजे काय? मावशी, तुम्ही सांगा. भांड्यातलं तुमच्याइतकं इथं कुणाला कळत नाही."

भाजी चिरणाऱ्या दोघींचे हात थांबले. आचारी पुसणं हातात घेऊन उभा होता. मावशी खरं सांगायला गेल्या, आणि तोंडातून भलतंच एक वाक्य सहज बाहेर पडलं.

"गार पाण्यात मीठ टाकलं की स्टीलला असे खड्डे पडतात, बाई."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मावशींना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्याचीच.

रेक्टरबाई आचाऱ्याकडे वळल्या. त्यानं मावशींकडे बघितलं, रागानं नव्हे, काहीतरी ऐकायचं राहून गेलं असावं तसं. मग मान खाली घालून म्हणाला, "मावशी म्हणतात तर तसंच असेल."

"दूध रोज करपतं, आता भांडंही गेलं," रेक्टरबाई म्हणाल्या. "हा महिना पुरा करा. नंतर दुसरीकडे बघा."

त्या दिवशी चुलीजवळून हाक आली नाही. पाणी उकळलं, मीठ पडलं, झाकण बसलं. मावशींना पाठमोऱ्या बसूनही ते कळलं.

घरी लेक शिवणयंत्रावर बसली होती. मावशींनी उंबऱ्यातच टेकून विषय काढला. "आमच्या ओळखीतली एक बाई आहे. तिनं भांडं खराब केलं आणि आळ दुसऱ्यावर जाऊ दिला. त्याचं काम सुटलं."

लेकीनं दोरा दातानं तोडला. "कसली बाई म्हणायची ही! आई, तू असल्या बाईशी बोलतेस तरी कशाला?"

"हात दुखत होते गं तिचे."

"हात दुखतात म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय? तू मेलीस तरी असं करणार नाहीस." आणि तिनं पुन्हा यंत्र सुरू केलं.

मावशी चहा टाकायला उठल्या. साखरेच्या डब्याचं झाकण त्यांना उघडेना. लेकीला हाक मारायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला.

पुढचे चार दिवस त्या मोरीतून मान वर न करता काम करत राहिल्या. दुधासाठी जुनं पातेलं माळ्यावरून काढलं होतं, आणि त्यात दूध एकदाही लागलं नाही. मुलींनी पेले रिकामे केले.

पाचव्या दिवशी कढई मोरीत आली ती कोरडी, तळाला रस्सा वाळून घट्ट झालेला. मावशी वैतागून म्हणाल्या, "हे काय? पाणी घालून पाठवायचं कळत नाही?"

भाजी चिरणाऱ्यांपैकी थोरली म्हणाली, "आज त्याच्याऐवजी मी उतरवली कढई. विसरले बाई. रोज तोच घालतो ना."

"रोज?"

"हो की. दोन महिने झाले असतील. तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरता ते त्यानं बघितलं. म्हणाला, मावशींची बोटं दुखतात, त्यांच्याकडे कोरडं भांडं जाऊ द्यायचं नाही. आधी आपणच सोडा घालून उकळायचं. तुम्हाला सांगू नका म्हणाला, तुम्हाला राग येईल म्हणून."

मावशींनी कढईच्या कडेला हात टेकला. अलीकडे थर भराभर सुटायचा, त्याचं सगळं श्रेय त्या मनातल्या मनात फडक्यांमागच्या कॅनला देत होत्या. सोडा त्याचा होता, आच त्याची होती, वाट बघणंही त्याचंच होतं. त्यांचीच रीत तो त्यांच्यासाठी करत होता, आणि त्या त्यात चोरून विष ओतत होत्या.

त्या उठल्या. बादलीमागचा कॅन काढला, पदराखाली न घेता तसाच हातात धरला आणि रेक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. कॅन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पातेलं मी घालवलं, बाई. मिठानं नाही गेलं. मीठ तो कधीच गार पाण्यात टाकत नव्हता. मीच त्याला शिकवलं होतं."

रेक्टरबाईंनी कॅन उचलून बघितला. "किती दिवस चाललं होतं हे?"

"थंडीपासून."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

मावशींनी हात पुढे केले. लिंबानं पडलेल्या चिरांनी भरलेली सुजलेली पेरं. मग त्यांना वाटलं, हे दाखवणं म्हणजे दया मागणं झालं. त्यांनी हात मागे घेतले.

"तेव्हा मला लाज वाटली," त्या म्हणाल्या. "आता त्याहून जास्त वाटते."

रेक्टरबाईंचा आवाज चढला नाही. "त्याच्यासमोर बोललात, आता त्याच्यासमोरच सांगा. मी येते."

स्वयंपाकघरात मावशींनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. कॅन कुणाचा, कधी घेतला, किती झाकणं, सगळं. भाजी चिरणाऱ्या दोघी खाली बघत होत्या. आचारी ऐकून घेत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे दूध मी करपवत नव्हतो तर." आणि एकदम तोंड फिरवून चुलीची आच कमी करू लागला. आच आधीच कमी होती.

त्याचं काम राहिलं. मावशींचंही राहिलं, पण मोरीवर नवी बाई आली. मावशींनी तिला रीत शिकवायची आणि उरलेल्या वेळात निवडणं, सोलणं करायचं असं ठरलं. लसूणबाईंचा कोपऱ्यातला तो पाट त्यांना ओळखीचा होता. मुलींना यातलं काही कळलं नाही. त्या अजून आरसेमावशी म्हणतात, आणि मावशींना प्रत्येक वेळी वाटतं की कुणीतरी चुकून दुसऱ्याच बाईला हाक मारतंय.

गळकं पातेलं भंगारात द्यायचं होतं. मावशींनी ते मागून घेतलं. नव्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "फारच चिकटलेलं असेल तर काय करायचं?" तेव्हा मावशींनी पातेलं आडवं करून, तळ खिडकीकडे वळवून तिला आत बघायला लावलं. "हे मी केलंय," त्या म्हणाल्या. "चिकटलेलं असेल तर आणखी उकळायचं. हात दुखत असतील तर सांगायचं."

आचारी त्यांच्याशी कामापुरतं बोलत असे. तीन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी भाताचं पाणी खळखळू लागलं आणि चुलीजवळून, मान न वळवता, तो म्हणाला, "मावशी, उकळी आली. टाकू का मीठ?"

त्यात थट्टा होती की टोमणा, की दोन्ही, ते मावशींना कळलं नाही. लसणाची पाकळी बोटांत तशीच राहिली.

"टाक," त्या म्हणाल्या. वर बघायचं मात्र त्यांना अजून जमलं नाही.